नाना हॉर्न वाजवत नाहीत

आमचे शेजारी नाना सुर्वे गाडी चालवताना हॉर्न वाजवत नाहीत. "हॉर्न म्हणजे शिवी," असं त्यांचं ठाम मत. कुणी आडवं आलं की ते खिडकीतून विनंती करतात. ग्वाल्हेरच्या कंपू भागात एकदा रस्त्यात म्हैस बसली होती, तर तिलाही म्हणाले, "बहनजी, जरा सरकता का?" म्हैस सरकली. मी स्वतः पाहिलंय.

शिंदे की छावनी मोहल्ल्यात आमची भिंतीला भिंत. काकू गेल्यापासून नाना दर रविवारी जुनी गाडी काढून वीसच्या वेगानं ग्वाल्हेर हिंडून येतात. "शहर पळवायचं नसतं, बघायचं असतं!"

गेल्या महिन्यात पुण्याहून त्यांचा मुलगा श्रीपाद आला, तो गाडी विकायचं ठरवूनच.

"नाना, पंच्याहत्तरी झाली. आता बस करा."

"परीक्षा घे," नाना म्हणाले. "किल्ल्याचा चढ. गाडी बोटभर जरी मागे घसरली, तर विकून टाक."

साक्षीदार म्हणून मला मागे बसवलं.

किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याचा चढ अरुंद. कडेला कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती, मागे हॉर्न वाजवणारी रांग. नाना निवांत.

"चेहरे बघून राहिलास ना श्रीपाद? किती शांत!"

"नाना, समोर बघा!"

समोरची टॅक्सी ऐन चढावर बंद पडून मागे येत होती. श्रीपादनं डोळे मिटले. नानांनी हँडब्रेक ओढला, खिडकीतून डोकं काढलं. "भैया, आराम से! हम कहीं नहीं जा रहे!"

टॅक्सीवाला सावरला, पुढे गेला. नानांनी अलगद क्लच सोडला. गाडी तसूभरही घसरली नाही. वर पोचल्यावर मागच्या गाडीतल्या मुलींनी चक्क टाळ्या वाजवल्या. नानांनी त्या सरदारासारखी मान झुकवून स्वीकारल्या, आणि सास-बहू मंदिराला विजयी प्रदक्षिणा घातली.

खाली उतरल्यावर फूलबागेत बसलो. श्रीपाद हसला. "गाडी राहू द्या, नाना. पास. पैकीच्या पैकी!"

नाना इतका वेळ छाती काढून बसले होते. आता गवताकडे बघत हळूच म्हणाले, "एवढ्या लवकर पास नको करू रे. एका परीक्षेत काय कळतं? दिवाळीत येऊन परत घे की."

श्रीपादनं तिथंच मोबाईल काढला नि दिवाळीची रेल्वेची तिकिटं शोधू लागला.

नाना त्याच्या खांद्यावरून डोकावले. "परतीचं जरा उशिराचं काढ," म्हणाले.