दत्तूभावजींची बिनशब्दांची सीडी

दत्तूभावजी पाणी प्यायच्या आधी तांब्या वाजवून बघत. नखानं टिचकी, मग कान जवळ. आवाज पसंत पडला तरच पाणी घशाखाली. "वहिनी, ह्यो मोडीत घालू नका. बुडाला चेपलाय, म्हनून खरा बोलतो."

हे माझे चुलतदीर मुरबाडात आमच्या शेजारी एकटे राहत. पन्नाशीला आलेले, बिनलग्नाचे. कसाऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला जोसेफ हा एकुलता दोस्त. त्याच्याकडे कॉम्प्युटर आला आणि दोघांनी मिळून सीडी करायला घेतली. भावजी आवाज टेप करून नेत: कंडक्टरची घंटी, भजनातला मृदंग, आदिवासी वाडीवर फुंकतात तो तारपा, भातगिरणीच्या पट्ट्याची फटफट. जोसेफ त्यांचे तुकडे करून खाली परदेशी ठेका घाले. "ह्याला हिप-हॉप म्हनतात, वहिनी." शब्द एकही नाही. का, तर ठरलेलं उत्तर: "शब्द आला का मान्सं आवाज ऐकत नाय."

आता माझी नातवंडं असलेच ठेके कानात घालून फिरतात आणि मी जाणकारासारखी मान डोलावते. तेव्हा मात्र मी हार्मोनियमच्या दोन परीक्षा पास होते. दुसरी काठावर, पण ऐट अशी, की सातही सूर माझ्या माहेरचे. ऐकून निकाल दिला, "भावजी, ही खिचडीत जिलबी झाली."

"बराबर! जोसेफला सांगतो," भावजी खूश.

मग जोसेफची भुसावळला बदली निघाली. महिन्याभरात सीडी पुरी व्हायला हवी होती, आणि शेवटच्या तुकड्याला भावजींना हवा होता लग्नातला हळद कांडायचा आवाज: एक उखळ, पाच सवाष्णी, आळीपाळीनं मुसळ. त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न. भावजी टेपरेकॉर्डर घेऊन दारात हजर.

"शुभकार्यात यंत्र कसलं?" मी शुद्ध मराठीत कडाडले. बायका हसल्या, म्हणून चेव आला. "एवढी हौस असेल तर स्वतःच्या घरी कांडा की हळद!"

वाक्य फार झकास जमलं, असं मला वाटलं. भावजी "बरं" म्हणून गेले.

लग्न उरकलं. चार दिवसांनी भर दुपारी त्यांच्या घरातून धपधप ऐकू आली. मी खिडकीतून डोकावले. भावजी एकटेच हळकुंडं कांडत होते, हातात बांगड्या घालून. थोडं कांडलं की त्या उतरवायच्या, दुसऱ्या चढवायच्या, उखळाच्या पलीकडे जाऊन पुन्हा मुसळ उचलायचं. एका माणसाच्या पाच सवाष्णी! मिशा पिवळ्याधमक. पाचवीच्या बांगड्या मनगटात अडकल्या तेव्हा मी इतकी हसले, की खिडकीचे गज धरावे लागले. आत जाऊन मुसळाला हात लावावा, हे सुचलं नाही. तेवढा धडा परीक्षेला नव्हता.

भुसावळला जाण्याच्या आदल्या दिवशी जोसेफ सीडी घेऊन आला. शेवटचा तुकडा लागला. खाली ठेका, वर मुसळ, बांगड्यांची किणकिण, लांबून तारपा. आणि मधेच एक बाई खदाखदा हसते.

मीच.

"मी बोललो, कापून टाकू, आंटी," जोसेफ ओशाळून म्हणाला. "पण हे ऐकतच नाहीत."

भावजींनी मान वर केली नाही. "राहू दे रे. हळद कांडताना घरात बाया हसतातच."