देवस्थळीकाकांची नवी पाटी

देवस्थळीकाकांनी मला फसवलं, आणि त्यांच्या नादाने मी हरेशभाईंना फसवलं. आधीच सांगून टाकतो.

मला फसवणं सोपं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचे गठ्ठे पाठीवर वाहत मी सुरुवात केली. आज माझ्या स्वतःच्या बारा मशिनी आहेत. चेन असो, बटण असो, सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही. डॉक्टरच्या फीसाठीसुद्धा घासाघीस करतो. अशा माणसाला सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याने, हातात मोजा घालून, गुंडाळलं.

मोजा म्हणजे खराच, पायातला. काका तो दोन बोटांपुरता कापून उजव्या हातात चढवतात, म्हणजे चित्र काढताना हात पाटीला चिकटत नाही. पाटी म्हणजे कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायचा टॅब्लेट. त्याच्या पेनाला ते पेन्सिल म्हणतात. असा मोजा घालून ते बदलापूरहून माझ्याकडे येतात आणि रिक्षावाल्याला त्याच हाताने पैसे देतात.

काका मोरिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म यंत्रांचे सुटे भाग शाईने काढले. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले. माझ्या जीन्सच्या मागच्या खिशावरची भरतकामाची नक्षी तेच काढतात. या बाजारात सगळे एकमेकांची नक्षी चोरतात, पण काकांची नक्कल कुणाला जमलेली नाही. त्यांचा मोर मशीनवर लावला की चोचीपासून शेवटच्या पिसापर्यंत दोरा कुठेही तोडावा लागत नाही. तो मोर उमटताना बघून मी अजूनही हातातलं काम सोडून उभा राहतो, आणि मी कुणासाठी उभा राहत नाही.

दर मंगळवारी पेनड्राइव्ह घेऊन स्वतः येतात. एकदा म्हटलं, "काका, मेल करा ना. एवढ्या लांब कशाला येता?"

"मालक, मेलला चहा मिळतो का?"

चहा मात्र अर्धा कपच. पूर्ण भरला की ओतून कमी करायला लावतात. मी समजलो, काटकसर.

गेल्या महिन्यात आले ते तोंड पाडून. "पाटी गेली, मालक. रेघ वाकडी येते. नवी घेतल्याशिवाय पुढची नक्षी देता यायची नाही."

मोठी ऑर्डर अंगावर होती. मी म्हटलं, "मी घेऊन देतो. पण सहा हजारांच्या वर एक रुपया नाही."

आम्ही हरेशभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्यांनी आधी स्क्रीनवाला टॅब्लेट पुढे केला. "साईं, ये देखो. हाथ के नीचे ही चित्र दिखता है."

काका म्हणाले, "नको. हाताकडे बघत काढायला मी काय पहिलीत आहे? बिनस्क्रीनची दाखवा."

"इसमें आठ हजार प्रेशर लेव्हल है, अंकल."

"एवढं प्रेशर तर बायकोनेही कधी दिलं नाही," काका म्हणाले आणि हातातला मोजा ताणून घेतला.

त्यांची परीक्षा एकच. एक आडवी रेघ, अगदी सावकाश. दुसरं काही नाही. पहिल्या पाटीवर रेघ थरथरली. दुसऱ्या पाटीवर थरथरली. तिसरी मोठी होती, तिच्यावर जरा कमी.

मला हत्यार मिळालं. "हरेशभाई, हे काय? रेघ आहे की गांडूळ? असला माल कोण घेणार?"

हरेशभाई बिचारे घाबरले. त्यांनी पेन घेतलं आणि स्वतः रेघ ओढली. ताठ, सरळ. "देखो, मेरे हाथ से तो बराबर आती है!"

"तुमचा हात दुकानाच्या पगारावर आहे!" मी ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. काका हसले नाहीत. ते हरेशभाईंच्या रेघेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हीच मोठी घ्या, मालक. चालेल."

सदोष माल म्हणून मी चारशे कमी करून घेतले, वर पेनाच्या वीस निबा फुकट. विजयी वीरासारखा बाहेर पडलो. जुनी पाटी काका टाकून देणार होते. मी काही टाकू देत नाही, ती घरी आणली.

रविवारी माझ्या मुलीने, स्वातीने, ती जोडली. "बाबा, हिला काय झालंय?"

"रेघ वाकडी येते."

तिने रेघ ओढली. सरळ. आणखी दहा ओढल्या. सगळ्या सरळ.

माझं डोकं फिरलं. चांगली पाटी असताना मला खर्चात पाडलं! तसाच निघालो, बदलापुरात सोनिवलीला त्यांची इमारत गाठली, चार जिने तणतणत चढलो. दार उघडंच होतं.

काका पाठमोरे बसले होते. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. मोज्यातली बोटं थरथरत होती. पडद्यावर पिसाची एक कमान उमटली, हलली. पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली. मी दारात मोजत होतो. सतराव्या वेळी कमान आली, माझ्या मशीनला लागते तशी, एका दमात. आणि त्या मोराला अशा चाळीसएक कमानी असतात. माझ्या कारखान्यात एवढी मेहनत कुणी केलेली नाही. मीसुद्धा नाही.

मी आवाज न करता चार जिने उतरलो.

खाली आल्यावर एकेक कळत गेलं. स्वतःचा हात दिसू नये म्हणून बिनस्क्रीनची. थरथर पडद्यावर कमी उमटावी म्हणून मोठी. सांडू नये म्हणून अर्धा कप. आणि दुकानात तीन पाट्यांवर ते रेघा ओढत होते, तेव्हा दोष पाटीचाच निघावा अशी आशा करत होते. हरेशभाईंच्या एका रेघेने ती संपली, आणि मी शेजारी उभा राहून भाव पाडत होतो.

चारशे रुपये मी हरेशभाईंना परत केले. "साईं, तबियत ठीक है ना?" त्यांनी विचारलं.

माझा हिशोब मी चुकता केला. आता तुमची पाळी, देवस्थळीकाका. मंगळवारी या. मोर एक महिना उशिरा झाला तरी चालेल, तुम्ही या. कप काठोकाठ भरून ठेवतो, सांडला तर फरशी माझी आहे. आणि समोर बसून सांगा: हात थरथरतो म्हटलं असतं तर मी काम काढून घेतलं असतं, चहा बंद केला असता, असं तुम्हाला वाटलंच कसं? इतका हलका भाव माझा आजवर कुणी केला नव्हता. याचा जाब मला पाहिजे.