आठव्या नॉबाची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस जें वर्तलें तें यथास्थित लिहिलें असे. कोणे एके राज्यीं हेरंबराजे संगीतकार गादीवर होते. राज्य एका खोलीचें, भिंतीस फोम लाविलेला. संगणकांत नाना प्लगिन कारभारी म्हणून नांदत, कोणी घुमारा देई, कोणी सूर सांवरी, आणि त्यांजवर हुकूम चालवावयास मेजावर आठ नॉबांचा कंट्रोलर होता. ज्या नॉबास काम, त्याखालीं दिवा लागे. आठव्यास मुद्दाम काम दिलें नव्हतें. तो पाहुण्यांचा मान. पाहुण्यानें फिरवावा, "आतां कसें" म्हणावें, आणि गाणें होतें तैसेंच मंजूर करून जावें.

मग लोणच्याचे कारखानदार दिगंबरपंत जाहिरातीचें गाणें ऐकावयास दाखल जाहले, आणि आज पसंत न पडल्यास काम दुसऱ्या राज्यास जाईल, हें त्यांणीं चप्पल काढतांच सुनाविलें. गाणें वाजलें. पंत वदले, "सर्व ठीक, पण ऐकून तोंडास पाणी सुटत नाहीं." राजांनीं अदबीनें आठवा नॉब दाखविला. राणी शर्वरीबाई आठ महिन्यांची कन्या रेवा कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि कन्या काय उचलून तोंडांत घालील या धास्तीनें त्यांची नजर मेजावरून हलत नसे. त्यांणीं पाहिलें, आठव्याखालीं दिवा लागला आहे. सकाळीं राजांनीं नवा प्लगिन उघडिला होता आणि कंट्रोलरानें आपोआप आठही नॉब त्याचे दिमतीस दिले होते. आठवा फिरविल्यास आतां गाण्यांतील गायिकेचा सूर खरोखरच बिघडणार. बाईंनीं डोळ्यांनीं खुणाविलें. राजे म्हणाले, "भूक लागली असेल तिला, आंत न्या."

पंतांचा हात पुढें जाहला आणि बाई मध्यें शिरल्या. "पंत, हिला जरा घेतां का? आधीं हात धुवा. साबणानें." पंत चकित जाहले, परंतु धुवून आले. "नखांतसुद्धां?" "नखांतसुद्धां, बाई." "मान धरा हं." "हिनें तर कधींच मान धरली असेल ना?" "तरी धरा." पंतांचे दोन्ही हात गुंतले, मग गाणें पुनः लाविलें, आणि कन्येनें पंतांची मिशी धरून ऐसी लाळ गाळिली कीं सदरा बेंबीपर्यंत भिजला. पंत गहिंवरले. "हिला सुटलें पाणी. गाणें मंजूर."

तात्पर्य इतकेंच कीं, आठवा नॉब त्या दिवसापासून चाकरीस लागला आणि पाहुण्यांचा मान कन्येकडे गेला. साबण दारांतच ठेविला असे.