हटवार काकाजींचं विरजण

दही खाण्याआधी त्याची प्रकृती विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या मोहाडीतले शेजारी, हटवार काकाजी. भंडाऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये जन्म काढला, रिटायर झाले, तरी दर सोमवारी दह्याची डबी घेऊन एसटीने तिथे जात. घरी दूधही थर्मामीटर बुडवूनच कोमट करत.

घरात आरशाचा जुना मायक्रोस्कोप होता. खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन लोणच्याच्या बुरशीपासून तलावाच्या पाण्यापर्यंत सगळं ते आम्हाला दाखवत. पण दही त्याखाली कधी ठेवत नसत. का, हे विचारून मी एकदा अर्धा तास गमावला.

“या साध्यात जंतू रंगवल्याबिगर धड दिसत नाही. रंगवाचं तं पयले काच ज्योतीवर शेकाची. मंग मरतेत ना ते, भाऊ! कॉलेजातल्या फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपमंधी बिनरंगाचे, जित्तेच दिसतेत.”

धुळवडीला पोरं अंगावर आली की ओरडत, “रंग नोका लावू, बाप्पा! मी जित्ता आहो अजून!”

गल्लीत घरोघरी त्यांनी आपलं विरजण चमचा-चमचा वाटलं होतं. भेटले की विचारणार, “चालू आहे ना जी?” जणू कुठली गादीच चालवायची होती! आम्ही हसायचो.

यंदा उन्हाळ्यात ते आठ दिवस लेकीकडे गेले. मागे लाइट गेली आणि फ्रिजातलं दही सडलं. वाटी घेऊन दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

“भाऊ, तुमच्या घरचं इरजन द्या. तुमच्या काकूच्या हातचं होतं ते. दोन वर्षं झाले तिले जाऊन, मी मोडू नाई देलं.”

आमच्याकडचं कधीच संपलं होतं. डेअरीच्या दह्यावर चाललं होतं आमचं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच दह्याने वाटी भरून दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मीही त्यांच्यासोबत कॉलेजात गेलो. फेज कॉन्ट्रास्टला डोळा लावून काकाजी बराच वेळ बसले.

“जित्ते आहेत,” ते म्हणाले.

मला राहवेना. “काकाजी, ते विरजण...”

“डेअरीचं आहे. चाखलं तवाच समजलं मले.” त्यांनी डोळा काढला नाही. “तिनं तरी कुठून आणलं होतं? शेजारणीच्या घरूनच. इरजन कुठूनबी भेटते, भाऊ. ती दुधात बोट बुडवून पाहे, कोमट झालं का. ते बोट कुठून आणू?”