नलूमावशी आणि खलनायकांची रडगाणी

आमच्या नलूमावशी खलनायकाला बोलू देत नाहीत.

व्हिडिओ गेममध्ये महिना-महिना झगडून, दऱ्याखोरी तुडवून, वाटेतले राक्षस कापून माणूस एकदाचा त्या मुख्य दुष्टासमोर उभा राहतो. तो दुष्ट खिडकीकडे तोंड करतो, उसासा टाकतो आणि 'मी लहान होतो तेव्हा...' अशी सुरुवात करतो. तिथे मावशींचा अंगठा पडतो. गोष्टीचा तुकडा गाळून पुढे जायचं बटण असतं, ते त्या दाबतात. रडगाणं गायब, थेट मारामारी.

"लहान होतो म्हने! लहान कोन नव्हतं?"

याचा सर्वांत जास्त त्रास कुणाला होत असेल, तर मला. गेममधली माणसं इंग्रजीत बोलतात, मावशींची शाळा नववीत सुटलेली, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. त्यामुळे रविवारी दुपारी दुभाषी म्हणून माझी नेमणूक झालेली आहे, बिनपगारी. गोष्ट ऐन रंगात येते, मी भाषांतर करत असते, 'मावशी, तो म्हणतोय की त्याच्या आईला राजानं...' आणि पडद्यावर तलवारींचा खणखणाट सुरू! त्या आईचं पुढे काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर मावशी म्हणतात, "काय व्हायचंय? मेली असेल. आमची पन मेली."

हे गेमचं यंत्र मुळात त्यांच्या जावयाचं. त्याची नाशिकला बदली झाली तेव्हा सामान कमी करावं म्हणून तो ते सासूबाईंकडे ठेवून गेला. पडून पडून खराब होईल म्हणून मावशींनी ते एकदा लावून पाहिलं. झालं. आता जावई फोनवर दबक्या आवाजात माझ्याकडे यंत्राची चौकशी करतो आणि परत मागायची त्याची छाती होत नाही.

गोखिवऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले होते, तेव्हाची गोष्ट. वरून सारखा आवाज यायचा. "गप रे मेल्या! तुझं गाव जाळलं म्हनून तू धा गावं जाळनार?" बिचारे भाडेकरू भले गृहस्थ. म्हातारा-म्हातारीचं भांडण विकोपाला गेलं असं समजून ते सोडवायला वर आले. दार उघडं, आत पदर खोचून मावशी एकट्याच बसलेल्या, काका भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. त्या गृहस्थांना मावशींनी बसवून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, धा गावांचा काय गुन्हा?" ते सज्जन 'काहीच नाही' म्हणाले. तेव्हापासून मावशींचं त्यांच्याबद्दल फार चांगलं मत आहे.

खलनायकाची बाजू घेणारं काहीही त्यांना खपत नाही. एक खलनायक मांजर पाळायचा. मांडीवर घेऊन कुरवाळायचा. मी चुकून म्हणाले, "बघा ना, याच्यातही माया आहे." मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू दोन गावं मीच जाळली असावीत. "आमच्या गावचा सावकार रोज गाईला घास द्यायचा, शोभा. आनि मग उंबऱ्यावर बसून लोकांची भांडी उचलायचा." दुसरा एक अनाथ होता, तर मावशींची नजर त्याच्या कोटावर. "एवढी इस्त्री! कोन करतं याला?"

नायकाचीही गय नाही. नायक लोकांच्या घरात शिरतो, मडकी फोडतो, आतली नाणी खिशात घालतो आणि घरधनी शेजारी उभा राहून 'आज हवा छान आहे' म्हणतो. मावशी खवळतात. "हा चोर! याला कोनी नेमला?" आणि मग स्वतःच त्याला त्या घराबाहेर चालवत नेतात, एकही मडकं न फोडता. त्यामुळे त्यांचा नायक कायम कफल्लक असतो आणि फुटक्या तलवारीनं लढतो.

काही गेममध्ये शेवटी निवड करायची असते. क्षमा की मृत्यू? इथे मावशींचा संताप अनावर होतो, कारण त्यांना दोन्ही पसंत नसतं. क्षमा कसली? आणि ठार मारून उपयोग काय? "हा मेला तर जळालेली घरं कोन शाकारनार? आधी घरं बांधून दे, माती वाहा, मग मर कुठं जाऊन." एवढी साधी गोष्ट गेम बनवणाऱ्या शिकलेल्या लोकांना सुचू नये, याचं त्यांना नवल वाटतं. तिसरं बटण नाही म्हणून एकदा त्यांनी आठवडाभर गेम तसाच उघडा ठेवला होता.

बाहेरच्या जगातही त्यांचा कायदा हाच. सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन उभे राहिले आणि टँकरवाला, पंप, लाइनमन अशी पाणी न येण्याची कारणं सांगायला लागले, तर मावशी मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "कारन नको. पानी कधी येनार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी काही आलं नाही, पण चेअरमन हल्ली मावशी दिसल्या की जिन्यानं जातात.

मी एकदा चिडून म्हणालेच, "मावशी, पण कारण ऐकायला काय हरकत आहे?"

"कारन ऐकलं की मानूस सुटतो," मावशी म्हणाल्या. "आमचे बाबा न्यायाला बसायचे गावात. कारन विचारायचे नाहीत. नुकसान काय झालं, भरून कोन देनार, बस्स."

यंदा गणपतीनंतर विरारच्या मनवेलपाड्यातून फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. भाचा बोलत होता. त्याच्या वडिलांचं, म्हणजे मावशींच्या थोरल्या भावाचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "आत्या, त्याआधी एकदा येऊन जा. बाबा बोलत नाहीत, पण वाट बघतात."

"बघू," म्हणून मावशींनी फोन ठेवला. त्यांना भाऊ आहे, हेच मला नवीन होतं. मी काही विचारायच्या आत त्यांनी यंत्र चालू केलं.

त्या दिवशीचा गेम जावयानं नवा पाठवला होता. समुद्रकाठी एक शहर, भोवती उंच भिंत, भिंतीला पाण्याचा दरवाजा. दरवाजाच्या राखणदारानं तो उघडा टाकला आणि शहरात समुद्र शिरला. तोच खलनायक. मावशी त्याच्यासमोर पोचल्या. त्यानं उसासा टाकला. मी सवयीनं अर्ध्याच वाक्याची तयारी ठेवली होती.

अंगठा पडला नाही.

तो बोलत राहिला, मी भाषांतर करत राहिले. जन्मात पहिल्यांदा एका खलनायकाची पूर्ण हकिकत माझ्या पदरात पडली. सांगण्यासारखी नाही, फार रटाळ होती. शेवटी पडद्यावर दोन शब्द आले, क्षमा आणि मृत्यू. मावशी उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं.

"मावशी, खेळ राखून ठेवला नाहीत!"

"राहू दे," म्हणाल्या, आणि मग बोलू लागल्या.

मावशींचं माहेर खाडीकाठचं. खाडी आणि भातशेतीच्या मधे मातीचा बांध, बांधाला लाकडी झडप, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती लागायच्या आत ती बंद करायची. घरटी एकेकाची पाळी. दादाच्या पाळीला, ऐन उधाणात, उघाडी उघडी राहिली. पाण्याच्या लोटानं बांध खचला आणि नुकती लावणी झालेल्या अख्ख्या गावाच्या शेतात खारं पाणी शिरलं. एकदा जमीन खारली की काही वर्षं भात धरत नाही.

गाव जमलं. न्यायाला बाबाच. दादाला त्यांनी बांधावर माती वाहायला लावली, आणि बांध झाल्यावर गावाच्या पंगतीत बसायची बंदी केली. दादा एकोणीस वर्षांचा. बांध पुरा झाला त्या दिवशी तो जो गेला, तो परत आला नाही. आणि घरात भातच नाही म्हटल्यावर मावशींची शाळा सुटली. वर्गात पहिल्या यायच्या. नंतर लग्नाकार्यांत बहीणभाऊ दिसायचे, मांडवाच्या दोन टोकांना. बोलणं नाही.

"कुठं गेला होता तो उघाडी टाकून?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक?" मावशी माझ्यावरच उखडल्या. "दारू प्यायला गेला असेल. बाईकडे गेला असेल. जुगार असेल. मी रोज एकेक कारन लावून बघितलं गं इतकी वर्षं. एक बसत नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "चल. रिक्षावाल्याला पत्ता तू सांग."

मनवेलपाड्यातली तळमजल्याची खोली. खाटेवर दादा. मावशींचंच नाक, मावशींचेच डोळे, अंगावर मात्र मांस राहिलेलं नाही. भाच्याच्या बायकोनं चहा आणला. मावशींनी त्याला हात लावला नाही, तब्येत विचारली नाही, काही नाही.

"दादा, त्या दिवशी तू कुठं होतास?"

कुठला दिवस, हे दादांनी विचारलं नाही. "उघाडीवरच होतो."

"मग?"

"झोप लागली गं, नलू."

मावशींचा चेहरा एखाद्यानं फसवल्यासारखा झाला. "एवढंच?"

"एवढंच. दिवसभर लावनी केलेली. आदली पाळी पन माझीच झाली होती. भिकूकाकांना ताप आला, तर त्यांची पाळी बाबांनी मला लावली. जरा टेकलो, तर डोळा लागला."

"मग गावापुढं सांगितलं का नाहीस?"

"कोनी विचारलं?"

आणि मावशी पेटल्या. खलनायकांवर पेटतात तशा नाही, त्याहून फार वाईट. "लागोपाठ दोन पाळ्या लावल्या कोनी? बाबांनी! आनि न्यायाला बसले कोन? बाबाच! त्यांना नको होता का दंड? आनि एवढं गाव बसलेलं, एकाला तोंड नव्हतं? मी दाराआड उभी होते, मला नव्हतं?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालूच होतं. मला वाटलं, आता या मेलेल्या बापाला उठवून आणून उभं करतात.

"बाबांना बोलू नको," दादा हळूच म्हणाले. "ते पन दमलेले होते."

मावशी खाटेच्या कडेला बसल्या. "माझी शाळा सुटली रे, दादा."

"ठाऊक आहे. म्हनून तर तुझ्या दारात यायला तोंड नव्हतं."

"तोंड नव्हतं म्हने! दार माझं होतं ना? मी हाकलला असता, मग गेला असतास!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या, की भाच्याची बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. बघते तर आत्या तारस्वरात भांडताहेत, आणि दादांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसल्यात, तो काही सोडत नाहीत.