शेपूट हलवणारा मेनू

पाट्या रंगवण्यात माझा हात धरणारा या शहरात कोणी नाही! हे मी म्हणत नाही, माझ्या दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंय. आता ती पाटी मीच रंगवली, तो भाग वेगळा. त्यामुळे बायकोने जेव्हा विचारलं, "दवाखान्याची वेबसाइट कोणाकडून करून घेऊ रे?" तेव्हा मला तो सरळसरळ अपमान वाटला.

"कोणाकडून म्हणजे? वेबसाइट म्हणजे काय, काचेवरची पाटीच की!"

"अरे, पण तिच्यात मेनू लागतो. दाबला की खाली यादी उघडते, तसला. जमेल?"

"हातचा मळ आहे माझ्या!"

माझी बायको प्राण्यांची डॉक्टर आहे, आणि काय डॉक्टर आहे! चवताळलेला कुत्रा तिच्या एका "काय रे?"ने लोळण घेतो. मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून तिने स्वतःचा छोटा दवाखाना थाटला होता. महिनाअखेरपर्यंत बाकडी भरली नाहीत, तर मान खाली घालून त्याच नोकरीत परत जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. हिची मान खाली? माझ्या हयातीत तरी नाही!

म्हणून मी त्या मेनूत जीव ओतला. अक्षरांना सोनेरी कड, कडेला सावली. यादी नुसती उघडायची नाही, झोकात खाली उतरायची आणि मांजराच्या शेपटीसारखी डुलायची! मथळा आणि यादी यांच्यामध्ये मी बोटभर जागा मोकळी सोडली, कारण पाटीला हवा लागते. आधी आपला फोन नंबर लिहायचा, मग यादीतून काम निवडायचं. एक टिचकी, की वेळ पक्की! "नक्की ना?" वगैरे मी काही ठेवलं नाही. गिऱ्हाइकाला उलट प्रश्न आवडत नाहीत.

मग खोलीच्या पार टोकाला जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. पाटी लांबूनच बघायची असते. अप्रतिम! हात लावून बघायचं काही मला सुचलं नाही. ओल्या पाटीला हात लावतं का कोणी?

वेबसाइट सुरू झाली आणि दवाखान्यात चिटपाखरू फिरकेना. बायको लखलखीत टेबल पुन्हा पुसायची. स्वागताला बसलेल्या सासूबाई विणकाम करता करता म्हणायच्या, "जावईबापू, पाटी मात्र सुरेख झालीय हो!" तो 'मात्र' ऐकला की मी उगाचच ब्रश धुवायला उठायचो.

आणि एका संध्याकाळी बायकोचा फोन टणटणला.

"आली! पहिली नोंद आली! 'गाय, गर्भतपासणी. उद्या सकाळी!'"

पुन्हा टणटण. 'घोडा, खूर दुखणे.'

"इथे भर शहरात गाय कोणाची?" सासूबाईंनी सुई थांबवली.

"असेल कोणाची तरी! आपण कशाला चौकशा करायच्या?" मी म्हणालो.

बायकोने हात पसरून दाराची रुंदी मापली. "गाय जाईल ना यातून?"

"गाय जाईल," सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी गाय नाही जायची."

झालं! मी पटाशी घेऊन बिजागऱ्या उचकटल्या, दार काढलं, चौकटीचीही एक बाजू पाडली. बाकडी रस्त्यावर काढली. सकाळी बायको खांद्यापर्यंतचे हातमोजे चढवून तयार! ऑलिंपिकला निघालेली वाटत होती. मला तर भरूनच आलं.

बरोबर वेळेवर व्यायामशाळेचा मालक आत आला. माणूस कसला, कपाटच! त्याच्या कोपराच्या बेचक्यात एक मूठभर मांजर.

"गाय कुठाय?" बायकोने विचारलं.

"कसली गाय?"

"तुम्ही नोंदवलेली. पोटुशी."

"मी नाही हो, यानं नोंदवली!" त्याने मांजराकडे बोट दाखवलं. "आठवडाभर तो मेनू धरायला बघतोय. मथळ्यावर बोट धरलं की यादी डुलते, बोट खाली न्यावं तर मधल्या मोकळ्या जागेत यादी गुल! दीडशे किलो उचलतो मी, पण ती यादी हाती लागेना. तेवढ्यात हा मांडीवरून उठला, डुलणारं काहीतरी दिसलं आणि घातली झडप! पंजा पडला तो गाईवर."

घोडेवाल्या संगीतशिक्षिकाबाईही आल्या. घोडा टोपलीत होता आणि म्याव म्हणत होता. मग आणखी एक मांजर, आणखी एक! माझा मेनू माणसाच्या हाती लागायचा नाही, मांजर मात्र पहिल्या झेपेत पकडायचं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तेवढ्यात टोपलीतला घोडा उडी मारून दाराकडे पळाला, आणि दार तर मीच काढलेलं! मी भिंतीला टेकवलेली, मीच रंगवलेली दवाखान्याची नवी पाटी उचलली आणि चौकटीत आडवा उभा राहिलो. उरलेली सकाळ मी दार होतो.

पण तिथून मी जे पाहिलं ना! तिने हातमोजे काढून ठेवले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. एकाही मांजराकडे बघेना. पळालेला घोडा आपल्या पायांनी आला आणि तिच्या गुडघ्याला अंग घासायला लागला. व्यायामशाळेच्या मांजराचा जबडा तिने असा अलगद उघडला, की त्याला कळलंसुद्धा नाही. "दाढ किडलीय हो याची. म्हणून जेवत नाही." तो कपाटाएवढा माणूस डोळे पुसायला लागला. मेनूवरून भांडायला आलेला एक जण तर पुढच्या लशीची तारीख घेऊन गेला. ही बाई नोकरीत परत जाणार होती!

दुपारी बाकडी अजून भरलेली होती. मी पाटीआडून मान काढली. "मग? मेनूनंच आणले ना सगळे?"

"तुझ्यामुळेच रे!" ती खळखळून हसली. "आता जुन्या नोकरीचं नावसुद्धा काढायचं नाही. फक्त वेबसाइटवर एक ओळ घाल. तुझ्या त्या सुंदर अक्षरात."

मी ऊर भरून ती ओळ रंगवली, सोनेरी कडेसकट. तुम्हीही जाऊन बघा. वर दवाखान्याचा फोन नंबर आहे आणि खाली लिहिलंय: 'माणसांनी कृपया फोन करावा. मेनू फक्त मांजरांसाठी.'