सात गोलांची आणि एका चावीची हकीकत

महाचिटणीस, कोंढार गाव नदीने बुडविले नाही, तुम्ही बुडविले. हे आधी लिहितो, बाकीचे मागाहून, कारण तुमच्या दफ्तरात शेवटची ओळ कोणी वाचीत नाही. कागदाच्या माथ्यावर देवाचे नाव लिहू नये ऐसा पक्षाचा हुकूम, आणि पक्षाचे नाव लिहावे ऐसी आमची इच्छा नाही, सबब माथा कोरा ठेविला आहे. जी माणसे बुडाली त्यांनी तो आपला समजावा. लाल निशाण किल्ल्यावर चढलियास वर्षे एकतीस, दुर्मुखनाम संवत्सर, भाद्रपद मास, वद्य पक्ष, ते समयी वर्तमान जाहले ते ऐसे जे:

राज्य कष्टकऱ्यांचे म्हणवीत होते, आणि प्रांताचा कारभार पक्षाच्या सात थोरांची समिती पाहात होती, आणि समितीचा कारभार महाचिटणीस पाहात होते. महाचिटणीस म्हणजे कोण? ज्यांनी कधी नांगर धरिला नाही, यंत्रास हात लाविला नाही, परंतु कोणता थोर कोणत्या खुर्चीवर बसेल, कोणाच्या चहाच्या कपावर झाकण असेल आणि कोणाच्या नसेल, कोणता कागद कोणापुढे केव्हा जाईल, हे सर्व ज्यांच्या हाती, ते. थोर सात, पण शिंकणे जाहले तरी यांजकडे पाहून शिंकत. आणि दरबारची चाल ऐसी की कागदावर सातांची नावे मानाच्या क्रमाने छापावी आणि प्रत्येकाने आपल्या नावाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढावा. गोल म्हणजे 'आम्ही पाहिले', इतकेच. होय नव्हे आणि नाहीही नव्हे. वरच्याचा गोल पडल्याखेरीज खालच्याने पेन्सिल उचलू नये. एकतीस वर्षे हेच करून हात ऐसे बसले होते की डोळे मिटून काढिला तरी गोल गोलच यावा.

आता कोंढारच्या वरच्या अंगास नदीला एक लोखंडी दार आहे. ते उघडिले तर पुराचे पाणी राजधानीबाहेरच्या माळावर गुडघाभर पसरते आणि गाव वाचते. दाराची चावी महाचिटणिसांच्या कपाटात. आणि त्याच माळावर दशमीस राज्याचा वर्धापनदिन योजिला होता, मांडव उभा, तोफा ओळीने लाविलेल्या, पाच हजार मुलींची कवायत. ऐशात द्वितीयेस कोंढारच्या बांधाची राखणदार कॉम्रेड द्वारका सांगोळे हिने खलिता धाडिला की बांधास भेग पडली आहे, आज बोट जाते, उद्या हात जाईल, दार उघडावे.

मग कागद छापिला आणि फिरू लागला. पहिल्या थोरांनी जेवणापूर्वी गोल काढिला, दुसऱ्यांनी जेवणानंतर, तिसरे स्नानास गरम झऱ्यांवर गेले होते ते दोन दिवसांनी आले, आणि तोवर चौथ्याने पेन्सिल धरून वाट पाहिली. षष्ठीस कागद सातव्याकडे पोहोचला. सातवे कॉम्रेड नागोराव बिडवे, पाटबंधाऱ्यांचे प्रमुख, लहानपण नदीकाठी गेलेले. त्यांनी गोल काढिला आणि त्याखाली, एकतीस वर्षांत कोणी केले नव्हते ते केले, दोन शब्द लिहिले: "दार उघडा."

दफ्तरात भूकंप जाहला. महाचिटणिसांनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि बोलिले, "अरे, यात तर पाचव्यांचे नाव सहाव्यांच्या खाली छापिले आहे! मानाचा क्रम चुकला. कागद रद्द. नवा छापा, पहिल्यापासून फिरवा." चार दिवस ती चूक कोणास दिसली नव्हती. दोन शब्द उमटताच दिसली. आणि नागोरावांस आत बोलावून म्हणाले, "बिडवे, वर सहा जणांनी गोल काढून ठेवलेत आणि तुम्ही खाली अक्षरं लिहिता? म्हणजे त्या सहांना वाचता येत नाही, असं म्हणायचं आहे का तुम्हाला?" नागोराव मान खाली घालून बाहेर आले.

सप्तमीस भेगेत हात जाऊ लागला, तेव्हा द्वारकाबाई स्वतः राजधानीस आली. चिखलाच्या पायांनी गालिचावर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, चावी द्या. मी स्वतः फिरवते दार. तुमच्या एकाही माणसाला त्रास नको."

"बाई, चावी काय माझ्या बापाची आहे? कागद फिरतो आहे."

"कागद फिरतोय हो, पण पाणी सरळ येतंय!"

"मग पाण्याला सांगा, जरा शिस्तीनं या. शिस्त पक्षात आहे म्हणून राज्य चाललंय. बसा त्या बाकावर."

ती बसली, आणि बाकाशी कारकुनांच्या कुजबुजीतून तिला नागोरावांचे ते दोन शब्द कळले. अष्टमीस कागद दुसऱ्या फेऱ्याने नागोरावांकडे गेला, आणि ते दालनातून बाहेर पडताच तिने त्यांची वाट अडविली. "दादा, लिहिलंत ना मागच्यासारखं?"

नागोराव भिंतीकडे पाहात बोलिले, "गोल काढला."

"आणि खाली?"

"खाली जागा नव्हती, बाई."

"जागा होती. तुमच्यात दम नव्हता." ऐसे बोलून ती पुन्हा बाकावर बसली, कारण चावी त्या कपाटात होती आणि कपाट तिच्या डोळ्यांपुढे होते. नवमीस सकाळी महाचिटणिसांनी कागद हाती घेऊन गोल मोजिले, सात भरले, आणि चावीस हात घालणार तोच स्मरले की आता "सर्वांनी पाहिले, पुढे काय" हे विचारणारा कागद काढावा लागेल. तो छापावयास दिला. इतक्यात टेलिफोन वाजला. बांध फुटला होता. एकुणीस माणसे गेली. त्यांत द्वारकाबाईची धाकटी बहीण यमू आणि तिची दोन लेकरे. महाचिटणिसांनी फोन ठेविला आणि कारकुनास म्हणाले, "तो नवा कागद थांबव. आता गरज नाही."

दशमीस माळ कोरडा होता. मुलींची कवायत बहुत उत्तम जाहली आणि तोफा वेळेवर उडाल्या.

मग चौकशी बसली आणि चौकशीने लिहिले की कागद नियमाने फिरला, सातही गोल पुरे आहेत, कोठे उघडे टोक राहिले नाही. कसूर इतकीच की संकटसमयी राखणदार बांधावर हजर नव्हती, राजधानीत बाकावर बसली होती. सबब द्वारका सांगोळे इजला कैद केले आणि खटला मांडिला, आणि महाचिटणिसांस थोरल्या राजधानीत थोरली खुर्ची आणि झाकणाचा कप दिला. खटल्यात बाई म्हणाली, "मी द्वितीयेला कळवलं, षष्ठीला 'दार उघडा' असं लिहून आलं, तो कागद काढा." दफ्तराने उत्तर दिले की ऐसा कागद कधी छापिलाच नव्हता. नागोरावांस पुसिले, तर ते म्हणाले, "मला आठवत नाही. पाहिलं असेन."

येणेप्रमाणे एका गावाचे बुडणे आणि एका हुद्द्याचे चढणे. फैसला येत्या पौर्णिमेस आहे आणि बाई दहा वर्षे आत जाईल की घरी येईल हे एका कागदावर ठरावयाचे आहे. म्हणून, महाचिटणीस, पुसतो: नागोरावांचे दोन शब्द असलेला तो पहिला कागद कोठे आहे? जाळिलात, की चावीशेजारी कपाटात ठेविलात? पौर्णिमेपूर्वी उत्तर द्या, आणि अक्षरांत द्या. गोल काढून पाठवाल तर तो आम्ही चौकात टांगू.